कुंई आणि टक्

...आणि वर ते गाडी दुरुस्तीवाले मलाच विचारतात, "साहेब, तुमचा घसा कशानं हो बसला?" कशानं म्हणजे? तुमच्यामुळे बसला! हसू नका, तुम्हाला सांगतो, माणसाचा घसा थंडीनं बसतो, भांडणानं बसतो, भाषणानं बसतो, माझा घसा गाडीच्या सर्व्हिसिंगनं बसलाय! डॉक्टरलाही हेच सांगितलं. त्यानं आधी माझा घसा बघितला, मग माझे डोळे बघितले, मग माझ्या बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, "खरं आहे ते." तेव्हा कुठे त्यानं गोळ्या लिहून दिल्या.

आता मुळात मी त्या दुकानात गेलो कशाला? पाटी बघून गेलो. ही एवढी मोठी पाटी, रात्री दिवे लागतात तिच्यावर : 'चहा संपेस्तोवर गाडी तयार!' म्हटलं वा! आमचा जुना मेकॅनिक गाडी ठेवून घेतो ती इतके दिवस, की परत आणताना गाडी आपल्याला ओळखत नाही. आणि इथे चहा संपेस्तोवर! बरं, काम काय होतं? ऑइल बदलायचं. बास. माणसानं कपडे बदलावेत इतकं साधं.

आत गेलो तर काय थाट! काचेची खोली, गार हवा, खुर्च्या अशा की बसलं की उठायला दोन माणसं लागावीत. काचेपलीकडे आपली गाडी वर टांगलेली, चारी पाय लोंबकळतायत, खाली माणसं डोकी वर करून उभी... ऑपरेशनच्या खोलीबाहेर नातेवाईक बसतात ना, तसे आम्ही सगळे गाडीवाले ओळीनं बसलेले. एक टायवाला आला, हसला, हातात चहा दिला. कागदी कप, पण केवढा? अंगठ्याला टोपी घालावी एवढा! त्यात चहा असा उकळता की ओठ लावला की ओठच परत येतो. तेव्हा मला त्यांची युक्ती कळली. चहा निवेपर्यंत पिता येत नाही, पिता येत नाही तोवर संपत नाही, आणि संपत नाही तोवर यांनी दिलेला शब्द मोडत नाही! खाली बघतो तर गाडीभोवती पळापळ, एक जण पुढून काढतोय, दुसरा मागून बसवतोय, पहिल्यानं काढलेलं दुसरा बसवतोय की दुसऱ्याच गाडीचं बसवतोय, कोण बघतंय? मी शेवटचा घोट घेतला, आणि हा फोरमन दारात हजर. "झाली साहेब!" आणि माझ्या तळहातावर एक बोल्ट ठेवला.

"हे काय?"

"उरला."

"उरला म्हणजे? गाडीतला बोल्ट उरतो कसा?"

"कंपनी एखादा जास्तीचा देते साहेब."

इतक्या वर्षांत माझ्या गाडीनं मला एकही गोष्ट जास्तीची दिली नाही हो, आणि आज बोल्ट दिला! मी ठेवला खिशात. काय करणार? चहा पिऊन बसलो होतो त्यांचा.

आणि मग निघालो. तुम्हाला सांगतो, उजवीकडे वळायचा दिवा लावला तर वायपर चालू झाला. वायपर बंद करायला गेलो तर मागची डिकी उघडली. डिकी लावायला उतरलो, तर तीन चाकांना माझ्या झाकण्या आणि चौथ्याला कुणा दुसऱ्याची, रंग वेगळा, आकार वेगळा, सावत्र भावासारखी बसलेली. बॉनेटखाली एक पाना विसरलेला, सीटखाली एक मोजा. मोजा! गाडी दुरुस्त करताना माणूस मोजा का काढतो? मला कुणीतरी सांगा. पायानं बसवतात का बोल्ट?

बरं, हे सगळं मी सोसलं असतं. वायपर लावून वळलो असतो. पण घरी येता येता माझ्या लक्षात आलं, की गाडीत काहीतरी नाहीये. म्हणजे बसल्यावर आपल्याला वाटतं ना, खिशात काहीतरी नाही, चष्मा राहिला की किल्ली राहिली, तसं. काय नाहीये, काय नाहीये... आणि कोपऱ्यावर आलो आणि कळलं. आवाज नाहीये!

आता तुम्ही आमच्या गाडीचा आवाज ऐकलेला नाही म्हणून सांगतो. इंजिनाचा नाही हो, तो सगळ्यांच्याच गाडीला असतो. हा मागून डावीकडून यायचा. कुंईईई... टक्. कुंईईई... टक्. जसं एखादं मांजर जिना चढतंय आणि प्रत्येक पायरीवर त्याची काठी आपटतेय. किती मेकॅनिक झाले, कुणी खाली झोपले, कुणी डिकीत बसून गावभर फिरले, एकानं तर कान लावून चाकाशी तासभर गप्पा मारल्या, पण तो आवाज कुणाला सापडला नाही. आणि या चहावाल्यांनी सगळी गाडी बिघडवली, आणि जो कुणी सांगितला नव्हता, मागितला नव्हता, तो एकच आजार बरा केला! कसा केला त्यांनाही माहीत नाही. पण तुम्ही म्हणाल, मग रडतोस कशाला, बरंच झालं की!

बरं कुठलं झालं! ऐका.

मला एक आत्या आहे. वडिलांची थोरली बहीण. मी तिच्याकडेच लहानाचा मोठा झालो, आई-वडील नोकरीपायी लांब असायचे. ती मला अजून 'ठोंब्या' म्हणते, आणि माझ्या मिशा पांढऱ्या झाल्यात. शाळेत असताना मी वर्गात सगळ्यात बुटका. शाळा सुटली की फाटकापाशी ही मोठ्यांची गर्दी, मला नुसते गुडघे दिसायचे. आत्या कुठली ओळखू येणार? तर ती काय करायची, जीभ टाळ्याला लावून आवाज काढायची. टक्! तिनंच मला तो शिकवलेला, मीही उलट काढायचो. टक्! तिकडून टक्, इकडून टक्, असं करत करत मी गुडघ्यांच्या जंगलातून बरोबर तिच्या हाताला जाऊन लागायचो.

तर आता ती एकटी राहते. तळमजल्यावर दोन खोल्या, समोर ओटा, ओट्याला लोखंडी कठडा, त्या कठड्याचा रंग एका ठिकाणी हात फिरून फिरून पार गेलेला. दर रविवारी सकाळी मी तिला गाडीतून तळ्याकाठी फिरवून आणतो. मी कोपऱ्यावर वळतो न वळतो तोच ती ओट्यावरून उठते, पिशवी घेते, पायरीशी येऊन उभी. "आलास का ठोंब्या? हा शर्ट काय घातलास? शोभत नाही तुला." कुठलाही घाला, हेच. पांढरा घाला, शोभत नाही. निळा घाला, शोभत नाही. मी म्हणायचो, आवडनिवड कडक आहे बाईची.

त्या रविवारी मी कोपऱ्यावर वळलो, ओट्यापुढे गाडी थांबवली. आत्या बसलेली. उठली नाही. मी काच खाली केली. तिनं गाडीकडे तोंड केलं, अगदी माझ्या तोंडासमोर तोंड, आणि म्हणाली,

"अहो, इथे गाडी लावू नका. पुढे घ्या. माझा भाचा यायचाय आत्ता."

तुम्हाला सांगतो, मी बोलणारा माणूस आहे. मी न्हाव्याकडे दाढी करतानाही बोलतो, त्यामुळे माझ्या हनुवटीवर ह्या खुणा आहेत. पण तेव्हा मी नुसती काच वर केली आणि पुन्हा खाली केली. ती माझ्याकडे बघत होती आणि मला बघत नव्हती. आणि मग सगळंच एकेक करून उलगडायला लागलं हो... चहा ओतताना ती कपाच्या काठावर बोट का ठेवते. मला वाटायचं गरमपणा बघते. डब्यांची झाकणं इकडची तिकडे केली की एवढी का चिडते. मला वाटायचं स्वभाव. शर्ट का शोभत नाही... आणि कठड्याचा रंग एकाच ठिकाणी का गेलाय.

"ऐकू येतंय ना?" आत्या म्हणाली, "पुढे घ्या. त्याला मग जागा मिळत नाही. गाडी जुनी आहे त्याची, लांब उभी केली तर परत चालू होत नाही."

मी गाडी पुढे घेतली. काय करणार? जागा माझ्यासाठीच राखून ठेवली होती तिनं!

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, सरळ खाली उतरून 'आत्या, मी आलोय' म्हणायला काय झालं होतं. त्याचं असं आहे. आत्याला एक मुलगी. माझी ताई. ती लांब, दुसऱ्या शहरात, सातव्या मजल्यावर. ताईनं आत्याला बजावून ठेवलेलं, "आई, ज्या दिवशी तुला दिसेनासं होईल, त्या दिवशी या घराला कुलूप आणि तू माझ्याकडे. चर्चा नाही." आणि आत्याचं उत्तर ठरलेलं, "मला सगळं दिसतं. तुझं वजन वाढलेलं मला फोनवरून दिसतं!" ताई वाईट नाही हो. ताई घाबरलेली आहे. पण आत्या म्हणते, सातव्या मजल्यावर मला भिंती नव्यानं पाठ कराव्या लागतील. हे ती सहज म्हणून गेली होती मागे, आणि मला तेव्हा त्यातलं काही कळलं नव्हतं. मला वाटलं, म्हातारी माणसं काहीही बोलतात. म्हणजे मी उतरलो असतो आणि म्हणालो असतो 'मी आहे', तर तिला कळलं असतं की मला कळलं. आणि मग ती माझ्यापुढे काय म्हणून उभी राहिली असती?

मी कोपऱ्यामागे गाडी उभी केली. कपाळ स्टिअरिंगला लावलं, तर हॉर्न वाजायच्याऐवजी रेडिओ लागला. चहा संपेस्तोवर गाडी तयार! म्हटलं, आवाज कुठून आणू? खिशातला तो बोल्ट काढला, दारावर आपटून बघितला. टण् असा आला. टण् काय कामाचा? आणि मग, तुम्ही कुणाला सांगू नका, मी चारी काचा खाली केल्या, मान बाहेर काढली, गाडी हळू हळू कोपऱ्यावरून वळवली, आणि तोंडानं...

कुंईईईई... टक्! कुंईईईई... टक्!

एक कुत्रा झोपेतून उठला आणि गाडीकडे न भुंकता माझ्याकडे भुंकला. सायकलवाला भिंतीला जाऊन टेकला. पण आत्या? आत्या उठली! कपडे झटकले, पिशवी घेतली, पायरीशी आली. "आलास का ठोंब्या? उशीर केलास. मघाशी कुणी मेला तुझ्या जागेवर गाडी लावत होता, हाकलला त्याला."

"बरं केलंस आत्या."

"आणि हा शर्ट काय घातलास? शोभत नाही तुला."

"नाही ना शोभत? मलाही तेच वाटलं."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी पाटीखाली उभा. टायवाला हसत आला. "बोला साहेब, काय तक्रार?"

"आवाज येत नाही."

"कशाचा?"

"कशाचाच नाही! पूर्वी यायचा, आता येत नाही. तो परत बसवून द्या."

त्याचं हसू तसंच राहिलं, फक्त त्या हसण्यामागचा माणूस निघून गेला. त्यानं फोरमनला बोलावलं, फोरमननं आणखी दोघांना. मी तोंडानं करून दाखवलं. कुंईईई... टक्. सगळे टाय लावल्यासारखे गंभीर झाले. फोरमन म्हणाला, "साहेब, लोक आवाज घालवायला येतात." मी म्हटलं, "लोकांना आत्या नाही."

घेतली गाडी वर. दिला चहा हातात. तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात एवढा चहा कधी प्यालो नाही. त्यांनी तो उरलेला बोल्ट बसवला, तर दुसरा उरला. दुसरा बसवला, तर खडखड यायला लागली. मी म्हटलं खडखड नको, कुंई हवी. ब्रेक घट्ट केले, तर बेडकासारखं काहीतरी आलं. ऑइल काढलं, तर बेडूकही गेला. मी काचेतून बघतोय, ओरडतोय, "अहो, परवा जसं निष्काळजीपणे केलंत तसं करा ना!" शेवटी फोरमन बाहेर आला, घामाघूम, हात पुसत माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला, आणि एखादा गवई बोलतो तशा सुरात म्हणाला, "साहेब, ठरवून नाही हो जमत. सहज होतं तेव्हाच होतं."

म्हणजे बघा! रस्त्यावरची निम्मी वाहनं ज्यांनी बिघडवून ठेवली, त्यांना माझी एक गाडी बिघडवता येईना! आणि वर टायवाला जाताना म्हणतो, "पुन्हा या. चहा संपेस्तोवर गाडी तयार!"

मग काय? कुंई माझ्या नशिबी आली. दर रविवारी कोपरा आला की काचा खाली, मान बाहेर. सराव म्हणून न्हाणीघरात. बायको पहिल्या दिवशी दार ठोठावत आली, "काय अडकलंय?" मग तिला सगळं सांगितलं. तिनं मला पुन्हा एकदा करायला लावलं, आणि म्हणाली, "टक् छान येतं. कुंई जरा नाकातून काढून बघा." तेव्हापासून ती रोज जेवताना ऐकते आणि सुधारणा सांगते. आत्याच्या गल्लीतली पोरंसुद्धा आता माझ्या गाडीमागे पळतात, पण एकानंही आत्याला सांगितलं नाही. उलट मी विसरलो तर आठवण करतात.

असं सगळं बरं चाललं होतं. आणि फोन आला. ताई येतेय. शनिवारी. शेजारणीनं तिला काहीतरी कळवलं होतं. "आईला दिसतं की नाही हे मी माझ्या डोळ्यांनी बघणार. रिकामी बॅग घेऊन येतेय. रविवारी भरून निघणार."

आणि शनिवारी संध्याकाळी, तुम्ही काय समजायचं ते समजा, माझा घसा बसला. महिनोन् महिने कुंई कुंई केल्यावर दुसरं काय होणार? गाडीचा नट झिजतो, मी तर मांसाचा. रविवारी सकाळी मी आरशासमोर तोंड उघडलं, तर आतून नुसती हवा! मध खाल्ला, वाफ घेतली, बायकोनं गळ्याभोवती मफलर गुंडाळला, आणि निघालो. दुसरा काही आवाज करावा? डबा बांधून न्यावा मागे? पण आत्या डब्याला भाचा कशी म्हणेल?

कोपरा आला. काचा खाली. मान बाहेर. समोर ओट्यावर आत्या बसलेली, पिशवी मांडीवर. आणि तिच्या मागे दारात ताई उभी, हाताची घडी घालून, शेजारी ती बॅग. ताईची नजर रस्त्यावर. म्हणजे माझ्यावर! आता ताईला तर दिसतं ना! तिला दिसतोय तिचा एवढा मोठा मामेभाऊ, मफलर गुंडाळून, खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळतोय, डोळे मिटून. आणि मी जीव एकवटून...

"ख्र्र्र्र... खूंऽऽ... ख्यॅक्."

बास. एवढंच आलं. 'टक्' तर आलंच नाही. आत्या बसूनच. हललीही नाही. मला वाटलं, संपलं. बॅग भरली. भिंती पाठ करायच्या. मी घशातलं सगळं सोडून दिलं, जीभ टाळ्याला लावली... त्याला घसा लागत नाही हो! त्याला नुसती जीभ लागते! आणि केलं,

टक्.

आणि ओट्यावरून आत्यानं, हसत, तोंड माझ्याकडे करून,

टक्.

मग उठली. कपडे झटकले, पिशवी घेतली, पायरीशी आली. "आला माझा ठोंब्या. बघ गं, आज गाडीला सर्दी झालीय."

मी ताईकडे बघितलं. ताई माझ्याकडे बघत होती, मग आईकडे, मग पुन्हा माझ्या मफलरकडे. तेवढ्यात मी मनात सातवा मजला चढूनसुद्धा आलो. आणि मग ती म्हणाली, "हो आई. फार खोकतेय गाडी." आणि बॅग पायानं हळूच दाराआड सरकवली. रिकामीच. संध्याकाळी ती तशीच घेऊन गेली, जाताना शेजारणीला रोज सकाळी एक हाक मारायला सांगून गेली, आणि मला एवढंच म्हणाली, "घसा सांभाळ रे." तिचा स्वतःचा घसा माझ्याहून वाईट होता.

आता तुम्ही म्हणाल, गोड झालं सगळं, मग तक्रार कसली? तक्रार आता सांगतो!

त्याच सकाळी आत्यानं मला आत नेलं, खुर्चीत बसवलं, पाणी गरम करायला ठेवलं, त्यात मीठ टाकलं, अंदाजानं, आणि बरोबर. म्हणाली, "गाडीला म्हणावं, गुळण्या कर."

मी म्हटलं, "आत्या, म्हणजे तुला... केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून. गाडीचं टक् लोखंडाचं होतं. हे मी शिकवलेलं आहे, मला कळणार नाही होय?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू मला कुठे सांगितलंस?"

मी पेला घेतला. ती समोर बसली, हात मांडीवर, आणि म्हणाली, "खरं सांगू का ठोंब्या? टक् चांगलं येतं, ते माझं काम आहे. पण ती कुंई अगदी वाईट करतोस. सुरुवातीला ओढतोस, शेवटी सोडून देतोस, कोपरा वळला की उरकून टाकतोस. त्या तुझ्या चहावाल्यांसारखं! काम करायचं तर धड करावं माणसानं."

ऐकलंत? गावभर ज्यांच्या नावानं मी बोंब मारतोय, त्यांच्याच पंगतीला बसवलं मला! माझं काम निकृष्ट! आणि माझी तक्रार घ्यायला टायवालासुद्धा नाही. तेव्हापासून दर रविवारी तळ्याकाठी गाडी उभी करून ती माझ्याकडून घोटून घेते... पुन्हा कर, लांब ओढ, नाकातून, आता टक्...

चला, येतो मी. बायको आतून हाक मारतेय, पाणी कोमट झालं म्हणते. गुळण्या संपेस्तोवर गाडी तयार करायचीय.